वाऱ्याच्या बाजूची भिंत

लाईनमन त्या दिवशीही आला नाही.

मी सायकल चिंचेच्या बुंध्याला टेकवून रस्त्याकडे बघत उभा होतो. ऊन उतरलं होतं. बसस्टॉपच्या छताखाली ट्यूबलाईट बसवून तयार होती. कोणी काढून नेऊ नये म्हणून तिच्यावर तारेची जाळी ठोकली होती. वायर रस्त्यावरच्या खांबापर्यंत ओढून गुंडाळून ठेवली होती. फक्त जोडायची बाकी होती. ते काम वीज खात्याचं. आमच्या माणसानं खांबाला हात लावायचा नाही, असा नियम. त्यांच्या ऑफिसात मी रोज जात होतो आणि रोज मला "उद्या पक्कं" हेच उत्तर मिळत होतं.

अंधार पडल्यावर मी निघालो. त्या रात्री झोप लागली नाही. आदल्या रात्रीही लागली नव्हती. एका स्टॉपच्या दिव्यासाठी माणसानं इतकं का तळमळावं, हे मी तेव्हा घरीसुद्धा सांगितलं नाही. आता सांगतो.

गोष्ट ऐंशीच्या थोडी आधीची. मी नागपूरच्या शहर बससेवेच्या बांधकाम विभागात ज्युनिअर इंजिनिअर होतो, प्रोबेशनवर. म्हणजे नोकरी लागलेली, पण पक्की नाही. साहेबाचा एक शेरा वाईट पडला की घरी बसायचं. आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीत इंजिनिअर झालेला मी पहिलाच. डिप्लोमाचा रिझल्ट लागला त्या दिवशी आमच्या गल्लीतले रामटेके काका, जे बसवर ड्रायव्हर होते, त्यांनी डिपोकडे जाणारी रिकामी बस वस्तीसमोर उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. लोकांना वाटलं अपघात झाला. काका खिडकीतून म्हणाले, "काही नाही झालं बाप्पा, सुधाकर इंजिनिअर झाला." त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला होता. त्यांनी तो कौतुकानं सगळ्यांना दाखवला.

हा स्टॉप कामठी रोडवर, शहर संपतं तिथं होता. चिंचेचा स्टॉप. पहाटेच्या पहिल्या बसनं तिथून मिलच्या बाया जायच्या. मिलचा भोंगा झाला की गेट बंद. उशीर झाला तर त्या दिवशी काम नाही. त्यामुळे ती बस चुकवणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

नागपूरचं नाव निघतं ते उन्हाळ्यासाठी. आम्ही इंजिनिअर लोकही सगळं उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधतो. सावली पडली आणि वारा खेळता राहिला की काम चोख. तो स्टॉप तसाच होता. चार पाइप, वर पत्रा, खाली लाकडी बाक, चारही बाजू मोकळ्या. मे महिन्यात तिथून उठावंसं वाटत नसे. पण डिसेंबरात पहाटे तिथं उभं राहून दाखवावं. नाल्याकडून धुकं चढायचं आणि वारा स्टॉपच्या या टोकानं शिरून त्या टोकानं निघायचा. त्या वर्षी थंडी कडक होती. एक म्हातारा स्टॉपवरच गारठून आजारी पडला, बायांनी नगरसेवकाकडे गाऱ्हाणं नेलं, आणि फाईल फिरत फिरत आमच्या बक्षी साहेबांच्या टेबलावर आली.

साहेबांनी मला बोलावलं. "तीन गोष्टी बघा. उजेड, ऊब आणि वाऱ्याला आडोसा. प्रत्येकात काय काय करता येईल ते मांडा. हीटरचाही विचार करा."

"सर, हीटर? बसस्टॉपवर?"

"परदेशात असतो. मासिकात फोटो होता."

"आपल्याकडे बल्बच टिकत नाही सर."

"ते मला ठाऊक आहे. शेवटी नाहीच म्हणायचं आहे. पण विचार करून नाही म्हटलं, असं दिसलं पाहिजे."

मी विचार केला. आडोशासाठी ताडपत्री टांगली तर आठवड्याच्या आत ती कोणाच्या तरी बैलबंडीवर दिसली असती. बांबूचे तट्टे लावले तर लोकांनी तेच जाळले असते. सिमेंटचा पत्रा एका दगडात फुटतो. विटांची जाळीदार भिंत, म्हणजे मध्ये भोकं सोडलेली, दिसायला बरी असते, पण भोकातून येणारा वारा जास्तच टोचतो. उरली साधी, भरीव, वर छतापर्यंत नेलेली विटांची भिंत. ती उत्तरेच्या टोकाला घालायची, कारण वारा उत्तरेकडून येतो. कामठीही उत्तरेला. म्हणजे नागपूरकडे जाणारी बस त्याच बाजूनं येते.

हे मी आज एका दमात लिहिलं. तेव्हा वारा माझ्या डोक्यात एका कप्प्यात होता आणि बस दुसऱ्यात.

ऊब म्हणून लोक आधीपासून शेकोटी पेटवत होते. रस्त्याच्या कडेला, डांबराला लागून. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, जुन्या टायरचे तुकडे, काही सापडलं नाही तर आमच्या बाकाची फळी. धुरानं पाइप काळे झाले होते. साहेब म्हणाले, "नवीन चुना मारल्यावर ही शेकोटी मला दिसता कामा नये." मी एक तोड काढली. डांबराचं रिकामं पिंप अर्धं कापून घेतलं, खाली भोकं पाडली, दोन कड्या जोडल्या आणि ते भिंतीच्या आत, कोपऱ्यात ठेवून दिलं. आग पिंपात, पिंप भिंतीआड. वारा लागत नाही, ठिणगी उडत नाही, लाकूडही कमी लागतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

उजेडासाठी ट्यूबलाईट. तिचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

भिंत झाली. बाया खूश. त्यांच्यात शेवंताबाई म्हणून एक होत्या, मिलच्या रिलिंग खात्यातल्या, म्हणजे सुताच्या लडी करतात तिथं. वय पन्नाशीकडे, आवाज खणखणीत. बसला हात दाखवायचं काम सगळ्यांनी त्यांच्यावर सोपवलेलं. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भित घातली, चूल देली. आता एक दार लावून द्या साहेब, आमी इथंच राहाले येतो."

त्याच आठवड्यात डिपोच्या कॅन्टीनमध्ये रामटेके काका भेटले. पहाटेची कामठीची बस तेच चालवत. चहाचा कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"भित मस्त बांधली गा सुधाकर. पण मले आता तुहा स्टॉप दिसत नाही."

"काहून काका? एवढा पांढरा चुना मारला."

"धुक्यात पांढरं दिसते काय? आम्ही जाळ पाहून बिरेकवर पाय ठेवतो. दुरून लाल दिसलं का समजाचं, चिंच आली, बाया उभ्या आहेत. तू तो जाळच उचलून भितीमांग नेऊन ठेवला."

तो रिक्वेस्ट स्टॉप होता. म्हणजे कोणी हात दाखवला तरच बस थांबायची, नाही तर सरळ पुढं. हे मला माहीत होतं.

"लाईट येऊन राहिली ना काका. दोन-चार दिवसांत."

"मंग दोन-चार दिवस पिंप बाहेर ठेव. वजनदार आहे काय? मी आणून ठेवतो."

"नको काका. साहेबांची व्हिजिट आहे या आठवड्यात. त्यांनी बाहेर जाळायला मनाई केली आहे."

काकांनी चहा संपवला. "तुहा साहेब पहाटे येते काय स्टॉपवर?" एवढं म्हणून ते उठले.

मला ऐकू आलं नाही असं नाही. नीट ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी अंधारातच सायकल काढली आणि स्टॉपवर गेलो. भिंतीआड खरंच ऊब होती. बाया पिंपाभोवती हात धरून बसल्या होत्या, कोणाच्या तरी सुनेची निंदा चालली होती. मला बघून त्यांनी बाकावर जागा केली. मी बसलो नाही. भिंतीच्या टोकावरून बाहेर जाऊन उत्तरेकडे बघत राहिलो. नुसतं धुकं. मागं वळून पाहिलं तर आतला जाळ मलाही दिसेना, फक्त छताच्या पत्र्यावर थोडी तांबूस झाक.

आवाज आला तेव्हा बस अगदी जवळ आली होती. शेवंताबाई पदर खोचत धावल्या. बस त्यांच्यासमोरून निघून गेली आणि नाल्याजवळ जाऊन थांबली. सगळ्या बाया डबे सांभाळत तिच्यामागं पळाल्या. कंडक्टर दारातून ओरडत होता, "काहून लपून बसता वं? हात दाखवाले काय होते?"

"तुह्या मोटारीले डोळे नाही का रे?" शेवंताबाई चढता चढता म्हणाल्या. "घंटा वाजवाले तेवढं येते."

बस गेली. मी एकटाच उरलो. पिंपात विस्तव होता. कड्या गरम होत्या, पण हाताला रुमाल गुंडाळून पिंप बाहेर ओढता आलं असतं. मी रुमाल काढलाही. मग साहेबांची गाडी आली तर काय, हा विचार आला. चुना मारलेल्या भिंतीसमोर काळा डाग, आणि माझं कन्फर्मेशन त्याच महिन्यात. वीज खातं उद्या पक्कं म्हणालं होतं. मी रुमाल खिशात ठेवला आणि ऑफिसला गेलो.

तो उद्या आला नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. मी रोज संध्याकाळी जाऊन लाईनमनची वाट बघायचो आणि रोज पहाटे जागा होऊन बसच्या वेळेपर्यंत कानोसा घेत पडायचो. आमचं घर तिथून लांब. काय ऐकू येणार होतं? तरी ऐकत राहायचो. बसची वेळ टळली की झोप लागायची.

ज्या सकाळी झालं, त्या सकाळी मला गाढ झोप लागली होती.

ऑफिसात पोचलो तर शिपाई म्हणाला, "चिंचेच्या स्टॉपवर बाई गाडीखाली आली." मी विचारलं, जिवंत आहे का. "आहे म्हणतेत. पाय गेला म्हणतेत."

काय झालं ते नंतर कळलं. आदल्या आठवड्यात बस दोनदा पुढं निघून गेली होती, म्हणून शेवंताबाईंनी ठरवलं होतं की आवाज आला की सरळ रस्त्यात जाऊन उभं राहायचं. त्या दिवशी धुकं दाट होतं. त्या भिंतीच्या टोकावरून रस्त्यात उतरल्या आणि बस तिथंच होती. काकांनी ब्रेक मारला. गाडी घसरत रस्त्यात आडवी झाली. पुढच्या चाकाखाली शेवंताबाईंचा डावा पाय सापडला.

दुपारी मी सरकारी दवाखान्यात गेलो. जाताना रस्ताभर वाक्य जुळवत होतो. चूक माझी आहे, असं सुरू करायचं ठरवलं होतं. शेवंताबाईंच्या पायाला प्लास्टर होतं, चेहरा पिवळा पडला होता. सून उशाशी बसली होती.

"कोण, भितीवाले साहेब?" त्या म्हणाल्या. "बसा. याच्यात तुमचा काही दोष नाही. भित बरी केली तुमी. माह्या छातीतलं दुखनं थांबलं होतं." मग थोड्या वेळानं, "डायवरलेबी काही बोलू नका. त्याले काय दिसते धुक्यात. तेवढी लाईट लावून टाका."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी दोन संत्री ठेवली आणि निघून आलो.

चौकशी डिपो मॅनेजरच्या खोलीत झाली. बक्षी साहेब, डिपो मॅनेजर, मी आणि दाराजवळ उभे रामटेके काका. काकांना बसायला सांगितलं नाही. मी खुर्चीवर होतो.

मॅनेजर काकांना म्हणाले, "स्टॉप रोजचा. मग बाई दिसली कशी नाही?"

"भितीमुळं दिसत नाही साहेब. अन धुकं होतं."

"वा. मग आधी काहून नाही बोलले? अपघात झाल्यावर भिंत आठवली?" त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे.

"सुधाकर, भिंतीमुळे दिसत नाही, अशी तक्रार तुमच्याकडे कोणी केली होती?"

खोलीत उन्हाची तिरीप होती. मला तीच दिसत होती.

"नाही सर," मी म्हणालो.

मॅनेजर काकांकडे वळले. "काय रामटेके? सांगितलं होतं कोणाले?"

मी मान वर केली नाही. काकांच्या चपलांची हालचाल झाली, एवढंच कळलं.

"नाही साहेब," काका म्हणाले. "ध्यानात नाही आलं सांगाचं."

झालं. ड्रायव्हरची बेफिकिरी, असा निष्कर्ष निघाला. काका सस्पेंड झाले.

बाहेर वर्कशॉपच्या मागं ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभे होते. मी जवळ गेलो. "काका, तुम्ही..."

"गप राय. मी परमनंट आहो. मले काढाले त्याईले कागद रंगवा लागते, युनियन आडवी येते. तुले एका सहीत काढलं असतं. हिशेब केला मी."

"मी आत जाऊन सांगतो."

"आता? आता सांगितलं तर खोटं बोलला म्हणून तूबी जाशील अन मीबी. दोन माणसं काहून घालवाची?" त्यांनी खर्रा तोंडात टाकला. "पण एक सांगतो. मी नाही म्हनलं ते इचार करून म्हनलं. तू आधी म्हनलं. तुले माहीत नव्हतं मी काय म्हनीन ते."

ते खरं होतं.

"काही दिवस घराकडे येऊ नको," ते म्हणाले. "तुह्या काकूले समजलं तर झाडू घेऊन निघन ते."

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मी पिंप बाहेर काढलं होतं. साहेबांनी हरकत घेतली नाही. मग गवंडी नेऊन भिंतीत उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर एक रुंद खिडकी पाडली. वारा खालून लागतो आणि बस वरून दिसते, म्हणून खाली भरीव, वर मोकळं. वरच्या अंगाला आडवी सिमेंटची फळी अशी तिरपी बसवली की वारा डोक्यावरून जावा. चौकशीनंतर आठवड्याभरात ट्यूबलाईटही लागली. तिचा उजेड खिडकीतून रस्त्यावर पडतो, ड्रायव्हरला दुरून दिसतो.

बक्षी साहेबांना खिडकी फार आवडली. त्यांनी ती सगळ्या नव्या स्टॉपसाठी मंजूर केली. माझं कन्फर्मेशन झालं, आणि शेऱ्यात लिहिलं होतं की अपघातानंतर कल्पकतेनं सुधारणा केली. पुढची बढती मला त्याच जोरावर मिळाली.

रामटेके काकांना काही महिन्यांनी परत घेतलं, पण रस्त्यावरची गाडी दिली नाही. डिपोच्या आवारात धुवायच्या बसेस पुढंमागं करायचं काम दिलं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं त्यांनी. शेवंताबाईंचा पाय जुळला, पण आखूड राहिला. मशीनसमोर दिवसभर उभं राहणं जमेना, तेव्हा त्यांच्या जागी सून लागली. सून त्याच स्टॉपवरून जायची. मी तिथं इन्स्पेक्शनला गेलो की ती मला नमस्कार करायची. मी इन्स्पेक्शन दुसऱ्यावर सोपवायला लागलो.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा काकांकडे गेलो. ते आता थकले आहेत, कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं सांगितलं की सगळं लिहितो आहे, ते "नाही सर" सुद्धा. त्यांनी कानाशी धरलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "लेह्य. पण मले लई चांगला दाखवू नको. दोन वर्षं मी तुले मनातल्या मनात आईवरून शिव्या देत होतो, तेबी लेह्य."

मी आता नव्या पोरांच्या ट्रेनिंगला बोलायला जातो. त्यांना सांगतो, जुनी कुठलीही गोष्ट जागेवरून हलवण्याआधी ती काय काय कामं करते याची चौकशी करा. शेकोटी ऊब देते एवढंच मला दिसत होतं. ती त्या स्टॉपचा दिवाही होती. पोरं विचारतात, "सर, हे तुमच्या कसं लक्षात आलं?" इतकी वर्षं मी "अनुभवानं" असं उत्तर देत आलो. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मला ते काकांनी अपघाताच्या आधी कॅन्टीनमध्ये समोर बसून सांगितलं होतं, आणि पिंप उचलून द्यायलाही तो माणूस तयार होता.